नियंत्रण गटातील गाठ

मे महिन्यातील त्या दिवशी पारा ४५ अंशांवर गेला होता आणि आमच्या महाविद्यालयाच्या पशुगृहातील कूलरची मोटर जळून दोन दिवस झाले होते. खिडक्यांना ओली पोती बांधूनही कापसाच्या रिकाम्या शेतांवरून येणारी झळ थांबत नव्हती. मात्र एका वनौषधीच्या अर्काची विस्टार जातीच्या उंदरांवरील दोन वर्षांची चाचणी संपत आल्यामुळे शवविच्छेदन पुढे ढकलता येत नव्हते. पिंजरे सांभाळणाऱ्या काकांनी एक म्हातारा नर उंदीर पुढे धरला आणि म्हणाले, “म्याडम, याच्या नरड्यापाशी हाताले गाठ लागून राह्यली.”

थायरॉइडच्या डाव्या खंडात हरभऱ्याच्या दाण्याएवढी, टणक, पांढुरकी गाठ होती. उंदीर रोडावला होता, तेवढ्यावरून ही गाठ भरमसाट थायरॉक्सिन, म्हणजे शरीराचा चयापचय वाढवणारे थायरॉइडचे संप्रेरक, सोडत असणार असे मी ठरवले आणि दोष अर्कावर ढकलून मोकळी झाले. उंदराच्या रक्तात थायरॉक्सिनचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा वेळ, १२ ते २४ तासांचा असतो, माणसात तो जवळजवळ आठवड्याचा. म्हणून एखाद्या द्रव्याने त्याची निर्मिती अडवली की मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून थायरॉइडला चेतवणारे टीएसएच वाढते आणि महिनोन्महिने डिवचल्या गेलेल्या, थायरॉक्सिन बनवणाऱ्या पुटकांच्या गाठी होतात. अशी गाठ थायरॉक्सिनच्या तुटवड्यातून जन्मते, म्हणजे माझे दोन्ही तर्क एकमेकांना छेद देत होते, हे उकाड्यात ध्यानात आले नाही. काकांनी पिंजऱ्यावरचे कार्ड दाखवले. उंदीर नियंत्रण गटातला होता. अर्काचा थेंबही त्याच्या पोटात गेला नव्हता.

रक्तात थायरॉक्सिन कमीच निघाले, पण शेजारच्या पिंजऱ्यांतील उंदरांचेही तितकेच कमी होते. उष्णतेत उंदीर कमी खातो आणि त्याची थायरॉइड मंदावते, तेव्हा हा प्रताप कूलरचा असावा. कॅल्शियम सर्वसामान्य होते.

आठवडाभराने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा कलॉइड या दाट द्रवाने भरलेल्या गुलाबी पुटकांना कडेला रेटून फिकट, बहुभुज पेशींचे पुंजके दाटलेले दिसले. या सी-पेशी होत्या, थायरॉइडमध्येच राहून कॅल्सिटोनिन हे रक्तातील कॅल्शियम कमी करणारे संप्रेरक बनवणाऱ्या. कॅल्सिटोनिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने त्यांच्यावर गडद तपकिरी रंग चढला. गाठ संप्रेरक बनवत होती खरी, पण मी शोधत होते ते नव्हे. १९६२ साली हॅरल्ड कॉप यांनी कॅल्सिटोनिन उजेडात आणले, तेव्हा ते थायरॉइडलगतच्या पॅराथायरॉइड ग्रंथींमधून येते असे त्यांनाही वाटले होते, एवढाच मला दिलासा. म्हाताऱ्या उंदरांत सी-पेशींच्या गाठी नेहमी आढळतात आणि बहुधा त्यांनी कॅल्शियम ढळत नाही, हे मी वर्गात शिकवतेही.

मग नुसत्या फुगलेल्या ग्रंथी न निवडता दोन्ही गटांतील प्रत्येक थायरॉइडचे छेद घेतले. सी-पेशींचे बारीक पुंजके दोन्हीकडे निघाले. थायरॉक्सिनचे ते आकडे मी अहवालात तसेच ठेवले आणि त्यांच्यासमोर त्या दोन दिवसांचे खोलीचे तापमान लिहिले.