तीन दिवसांनी काय बिघडतं?

शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे. १५ फेब्रुवारीला मी गॅलिलिओचा जन्म लिहिते, १८ ला शिल्पकार मायकेलअँजेलोचं निधन. दोन्हींपुढे साल १५६४. आणि दरवर्षी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "बाई, एक गेला त्याच दिवशी दुसरा आला, असं सांगा ना. मुलांच्या पक्कं लक्षात राहतं. तीन दिवसांनी असं काय बिघडतं?" इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मीही तसंच सांगायचे. नोकरीची पहिली सहा-सात वर्षं प्रबोधनाचा धडा आला की खडू खाली ठेवायचे, आवाज उतरवायचे आणि म्हणायचे, "ज्या दिवशी रोममध्ये मायकेलअँजेलोनं डोळे मिटले, त्याच दिवशी पिसामध्ये गॅलिलिओनं डोळे उघडले." वर्ग चिडीचूप व्हायचा. ती शांतता मला फार आवडायची.

एका वर्षी नववीतल्या एका मुलीला मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उतरवलं. भाषणाची सुरुवात माझ्याच वाक्यानं. पंधरा दिवस ती शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायची. 'मिटले'ला हात खाली, 'उघडले'ला वर, हेही मीच बसवलेलं. स्पर्धेत ती न अडखळता बोलली, टाळ्या पडल्या. मग परीक्षकांपैकी एकांनी माइक घेतला आणि दोघांच्या तारखा विचारल्या. तिनं दोन्हीसाठी १८ फेब्रुवारी सांगितलं. "गॅलिलिओची १५ आहे. पुस्तक उघडून बघितलं होतंस का कधी?" सभागृह हसलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होते. उठून एवढंच म्हणायचं होतं, "सर, ते वाक्य माझं आहे." मी मांडीवरच्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "चुकलं सर," म्हणून ती खाली उतरली.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. वेणीची एक रिबीन सुटून खांद्यावर आली होती, ती तिनं बांधली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाई, मी नीट पाठ केलं नव्हतं का?" मी म्हटलं, "असू दे, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तिनं नाव दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात दोष तारखेचा नाही, तुमच्या भित्रेपणाचा आहे. आहेच. पण माझा हट्ट केवळ त्या अपराधाच्या टोचणीतून आलेला नाही. त्यानंतर मी ते साल नीट वाचायला घेतलं. फ्लॉरेन्समध्ये तेव्हा नवं साल २५ मार्चला लागायचं. म्हणजे मायकेलअँजेलो गेला तेव्हा त्याच्या फ्लॉरेन्सच्या हिशोबानं १५६३ च चालू होतं. त्याचा जन्म ६ मार्च १४७५ चा, पण वडिलांनी टिपून ठेवलं १४७४. पिसातही साल २५ मार्चलाच बदलायचं, पण तिथला आकडा फ्लॉरेन्सच्या वर्षभर पुढे, म्हणून त्याच फेब्रुवारीत पिसात १५६४. ज्याच्या त्याच्या गावाची मोजणी धरली, तर हे दोघं एका सालातसुद्धा बसत नाहीत. आपल्याकडे शक पाडव्याला बदलतो आणि गुजरातेत संवत दिवाळीनंतर, हे माहीत असलेल्या मुलांना हे लगेच कळतं.

तेव्हाची मी मात्र आतून म्हणते, "तुझी ही मोजदाद ऐकून मुलं जांभया देतात. माझं वाक्य ऐकून ती पोर ग्रंथालयातून गॅलिलिओचं चरित्र घेऊन गेली होती." हे खरं आहे. तिला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पण मग त्या तीन दिवसांचं काय करू? १४ फेब्रुवारीला रोममध्ये पाऊस होता आणि ८८ वर्षांचा आजारी म्हातारा त्या पावसात बाहेर फिरत होता. त्याचा शिष्य काल्काञी काळजीनं धावत गेला, तर हा म्हणाला की कुठंच चैन पडत नाही. दोनच दिवसांपूर्वी तो दिवसभर उभा राहून 'पिएता' या शिल्पाचा दगड फोडत होता. दुसऱ्या दिवशी पिसात व्हिन्चेन्झो नावाच्या, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या घरी मुलगा झाला. मुलाचा बाप्तिस्मा १९ ला, तोवर म्हातारा गेलेला. मधले तीन दिवस दोघं एकाच वेळी श्वास घेत होते. 'त्याच दिवशी' म्हटलं की हे दिवस पुसले जातात. आज फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये दोघांच्या समाध्या समोरासमोर आहेत. जिवंतपणी मिळालेले मात्र तेवढेच तीन दिवस.

शेक्सपिअरही त्याच सालचा. नोंद आहे ती २६ एप्रिलच्या बाप्तिस्म्याची, २३ ही जन्मतारीख रूढीनं धरलेली. म्हणून मी फळ्यावर 'बाप्तिस्मा' लिहिते. त्याच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या त्याच नोंदवहीत ११ जुलैला ऑलिव्हर गन या विणकराच्या हाताखाली काम शिकणाऱ्याच्या दफनाची नोंद आहे आणि शेजारी लॅटिनमध्ये लिहिलंय, 'इथे प्लेग सुरू झाला'. डिसेंबरपर्यंत त्या लहानशा गावात दोनशेवर माणसं गेली. अडीच महिन्यांचं बाळ वाचलं. ११ जुलैला मी गनचं नाव लिहिते. त्याच्याबद्दल मला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती मला स्टँडवर भेटली. सोबत चौथीतला मुलगा होता. वाकून नमस्कार केला, मुलाला म्हणाली, "या माझ्या इतिहासाच्या बाई." मग हसून म्हणाली, "तेव्हा मी तारखा नीट बघितल्या नव्हत्या ना, बाई. तुमचं नाव खाली गेलं." मी बोलायला तोंड उघडलं. तिची गाडी लागली होती, लोक चढत होते. मुलगा वर गेला, ती गेली. मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली.