तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट फ्रान्सिस धरण आणि मलहॉलंडचा दोष

375 किलोमीटरवरून, कुठेही पंप न लावता, लॉस एंजेलिसला पाणी आणणारा, शहराच्या पाणीखात्याचा मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड. त्याचं नाव निघालं की मला ठरलेला प्रश्न येतो: त्यानेच शहरासाठी बांधलेलं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं ते त्याच्यामुळे की खालच्या जमिनीमुळे? ‘दोन्हींमुळे’ म्हटलं की मी टाळतोय असं वाटतं. म्हणून एकदा सविस्तर.

12 मार्च 1928 च्या सकाळी धरणाच्या रखवालदाराने गढूळ गळती कळवली. गळती गढूळ, म्हणजे पाणी पायातली माती ओढून आणतंय. याहून वाईट बातमी नाही. मलहॉलंड स्वतः येऊन पाहून गेला. पाणी जिथून झिरपत होतं तिथे नितळ होतं, पुढे नव्या रस्त्याची सैल माती मिसळून गढुळत होतं. त्याने धरण सुरक्षित ठरवलं. मध्यरात्रीला तीन मिनिटं असताना धरण गेलं. चारशेहून जास्त माणसं गेली.

त्या सकाळवरून त्याला झोडपणं मला पटत नाही. तलाव काठोकाठ भरलेला. त्या दिवशी हातात फारसं उरलंच नव्हतं. जे व्हायचं ते बांधतानाच झालं होतं.

पश्चिमेच्या बगलेला, म्हणजे धरण दरीच्या ज्या कडेला टेकतं तिथे, लाल काँग्लोमरेट (गोटे-वाळू चिकटून झालेला खडक) होता. कोरडा असताना विटेसारखा टणक. त्याचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला की थोड्या वेळात विरघळून तळाशी गाळ. ही चाचणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्वेला शिस्ट, म्हणजे पातळ थरांनी सुटणारा खडक, आणि तो पूर्वी कधी कोसळलेल्या एका प्राचीन दरडीचा भाग. ही दरड 1924 मध्ये, बांधकाम सुरू होताना, ओळखता आली नसती, हा बचाव मी पूर्वी जोरात मांडायचो. आजही तेवढ्यापुरता तो मला खरा वाटतो.

पण उंचीचं काय? मूळ आराखडा 175 फुटांचा. दोनदा दहा-दहा फूट वाढवून 195 केला, पाया त्या प्रमाणात रुंदावला नाही. पाण्याचा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो, धरण उलथवणारा जोर घनाने. म्हणजे रेटा सुमारे 24 टक्के जास्त, उलथवणारा जोर 38 टक्के. शिवाय तळात शिरलेलं पाणी धरणाला वर उचलतं, त्याचं वजन हलकं करतं. 1895 मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटल्यापासून हे माहीत होतं. मलहॉलंडने निचऱ्याची भोकं फक्त मधल्या भागाखाली ठेवली. बगला तशाच, ग्राउटिंगही (खडकाच्या भेगांत सिमेंट भरणं) नाही. फुटल्यावर उभा राहिला तो मधलाच तुकडा.

मग दोष त्याचाच? तेव्हाच्या कॅलिफोर्नियात नगरपालिकेच्या धरणाला राज्याच्या तपासणीतून सूट होती. आराखडा दुसऱ्या डोळ्याखालून जावा अशी सक्तीच नव्हती. मृत्यूच्या चौकशीत ज्युरीने नेमकं यावर बोट ठेवलं, आणि 1929 च्या कायद्याने ती सूट गेली. मलहॉलंडने मात्र साक्षीत जबाबदारी कुणावर ढकलली नाही. याबद्दल मला त्याचा आदर आहे, आणि त्याने हिशेब बदलत नाही.

‘जमीनच वाईट होती’ म्हणणाऱ्यांनी हॉलीवूडजवळचं मलहॉलंड धरणही पाहावं. त्याचंच काम, बांधणी बरीच तशीच, 1924 मध्ये पूर्ण झालेलं. खडक वेगळा, आणि ते उभं आहे. पण दुर्घटनेनंतर त्याची पाणीपातळी उतरवली गेली आणि 1933-34 मध्ये खालच्या अंगाला मातीचा प्रचंड भराव घातला गेला. चांगल्या खडकावरही नुसत्या त्या बांधणीवर कुणी विसंबून राहिलं नाही.