इन्ग्रेसवरून गेटवेवर: कोथरूडच्या घरगुती क्लस्टरची नोंद

कुबरनेटीज (अनेक यंत्रांवर मिळून सेवा चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टरच्या दारावर बसून बाहेरची विनंती योग्य सेवेकडे पाठवणाऱ्या इन्ग्रेस-एनजिनएक्सची देखभाल मार्च २०२६ नंतर थांबणार, हे नोव्हेंबर २०२५ मध्येच जाहीर झालं होतं. म्हणून घरचा क्लस्टर त्याच कामाच्या नव्या पद्धतीवर, गेटवे एपीआयवर, हलवायला घेतला. सामान तेच आहे: माळ्यावरचे तीन सेकंडहँड मिनी-पीसी, तापकीर गल्लीतून आणलेला स्विच आणि त्यावर के३एस, म्हणजे हलकं कुबरनेटीज. त्याच्यासोबत येणारा ट्रेफिक नावाचा दारवान मी आधीपासूनच बंद ठेवलाय, आता दारावर गेटवे एपीआय समजणारा एन्व्हॉय गेटवे बसवला. आत ट्रेक ग्रुपचा ब्लॉग, फोटोंसाठी इमिच, गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचे आकडे घेणारी छोटी सेवा आणि ते आकडे दाखवणारा ग्राफाना.

नवीन मंडळींसाठी एवढंच: रिडायरेक्ट म्हणजे पेठेतला वाडा पाडल्यावर लावलेली 'आम्ही सिंहगड रस्त्याला स्थलांतरित' अशी पाटी. पाहुण्याला स्वतः तिकडे जावं लागतं. रीराइटमध्ये पत्ता आतल्या आत बदलतो, ब्राउझरला पत्ताच लागत नाही.

आधी ग्राफाना. जुन्या सेटअपमध्ये पाथ (पत्त्याचा डोमेननंतरचा भाग) होता /ग्राफाना(/|$)(.*), फायलीत अर्थातच रोमनमध्ये, आणि रीराइट-टार्गेटमध्ये दुसऱ्या कंसात सापडेल तेवढंच पुढे पाठवायचं. ०.२२ आवृत्तीपासून असे कंस घालावेच लागतात. गेटवेमध्ये ही रेजेक्सची, म्हणजे मजकूर जुळवायच्या सांकेतिक नमुन्यांची, कसरत संपली. एचटीटीपी-राउटमध्ये (गेटवेचे नियम लिहायची जागा) यूआरएल-रीराइट फिल्टर लावायचा, रिप्लेस-प्रीफिक्स-मॅचला / द्यायचं, झालं. शिवाय इथे प्रीफिक्स अख्ख्या तुकड्यांवर जुळतो, त्यामुळे /ग्राफाना लिहिलं तर /ग्राफाना२ त्यात चुकूनही सापडत नाही.

गंमत पुढे आहे. इन्ग्रेस-एनजिनएक्समध्ये एखाद्या होस्टवर एका जरी इन्ग्रेसला रीराइट-टार्गेट लावलं, तरी त्या होस्टचे सगळे पाथ रेजेक्स होतात आणि रोमन अक्षरं लहान-मोठी कशीही चालतात. बाकीचे पाथ वेगळ्या फायलीत असले तरीही. म्हणजे इतके दिवस मोठ्या 'जी'ने लिहिलेला ग्राफानाचा पत्ताही बिनबोभाट उघडत होता. गेटवेवर त्याला सरळ ४०४. हलवण्याआधी जुन्या ॲक्सेस लॉगमधून प्रत्यक्षात येणारे पत्ते काढून ठेवा, कॉन्फिगवर विसंबू नका.

तरीही ग्राफानाचं रीराइट शेवटी काढूनच टाकलं. उपसर्ग बाहेर कापला की आतल्या ॲपला आपण कुठे बसलोय हे कळत नाही, आणि ते लॉगिनसाठी थेट /लॉगिनला पाठवतं. तिथे तर ब्लॉग बसलाय. ग्राफानाला रूट-यूआरएल आणि सर्व्ह-फ्रॉम-सब-पाथ या दोन सेटिंग्ज दिल्या की ते आपलं आपण सांभाळतं. इमिच सब-पाथवर चालतच नाही, त्याला सरळ स्वतंत्र सबडोमेन. माझं मत आता पक्कं झालंय: सबडोमेन देता येत असेल तर रीराइटच्या वाटेला जाऊ नये. ॲपने करायचं काम गेटवेने करणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या.

आता एचटीटीपीवरून एचटीटीपीएस. टीएलएस लावलं की इन्ग्रेस-एनजिनएक्स हे न सांगता करायचा, तेही ३०८ या कायमच्या रिडायरेक्टच्या कोडने. गेटवेत त्यासाठी वेगळा राउट लिहावा लागतो, आणि त्यात सेक्शन-नेम देऊन तो फक्त ८० च्या (साध्या एचटीटीपीच्या) लिसनरला जोडायचा. नाहीतर तो एचटीटीपीएसच्या ४४३ लाही चिकटतो आणि ब्राउझर गोल गोल फिरत बसतो. कोड दिला नाही तर ३०२, म्हणजे तात्पुरता रिडायरेक्ट, जातो. मी पहिले काही दिवस मुद्दाम ३०२ च ठेवला, कारण ३०१ (कायमचा) ब्राउझर लक्षात ठेवतात आणि मग चाचणी करताना आपण काय बदललंय तेच दिसत नाही.

पर्जन्यमापकाची स्क्रिप्ट आकडे साध्या एचटीटीपीवर पोस्ट करते, म्हणजे पाठवते. ३०८ मध्ये पोस्ट पोस्टच राहतं. ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी त्याचं गेट, म्हणजे नुसतं मागणं, करते, आणि आकडे वाटेतच गळतात. स्क्रिप्टमध्ये आता थेट एचटीटीपीएसचा पत्ता आहे, म्हणजे रिडायरेक्टचा प्रश्नच नाही. जूनच्या आत हे झालं, बरं झालं.

सर्वात जास्त वेळ खाल्ला तो ब्लॉगच्या जुन्या देवनागरी पत्त्यांनी. /गड/राजगड अशा लिंका ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतायत, नवे पत्ते रोमनमध्ये आहेत. एचटीटीपी-राउट पाथमध्ये देवनागरी घेतच नाही, टक्क्यांच्या रूपात लिहावं लागतं, म्हणजे प्रत्येक बाइटसाठी % आणि पुढे दोन अंक किंवा रोमन अक्षरं. यूटीएफ-८ मध्ये एका 'ग'चे तीन बाइट, म्हणजे पत्त्यात नऊ खुणा. काना वेगळा धरला जातो, त्यामुळे नुसत्या 'राजगड'च्या पंचेचाळीस. ब्राउझर यातली रोमन अक्षरं मोठी पाठवतात, म्हणून राउटमध्येही मोठीच लिहिली. एवढं केल्यावर 'गड'चं रोमनमधलं 'किल्ले' झालं, पण मागचं 'राजगड' देवनागरीतच उरलं. प्रत्येक किल्ल्याला स्वतंत्र नियम लिहायचा, तर एका एचटीटीपी-राउटमध्ये नियम सोळाच बसतात. दोन-तीन राउट करता आले असते, पण नवा किल्ला आला की क्लस्टरच्या फायली उघडायच्या हे काही पटेना. मग गेटवेवरचा तो नियम काढला आणि जुन्या-नव्या नावांचा तक्ता ब्लॉगच्याच कोडमध्ये टाकला. तिथून एकाच उडीत ३०१ जातो.

उरलंय ते इमिचच्या सबडोमेनसाठी वाइल्डकार्ड (डोमेनच्या सगळ्या सबडोमेनना चालणारं) सर्टिफिकेट. त्याला डीएनएस-०१ (डोमेनच्या डीएनएस नोंदीतून मालकी दाखवायची) पडताळणी लागते, ती पुढच्या नोंदीत. रीराइट आणि रिडायरेक्ट हे दोन्ही फिल्टर एकाच नियमात चालत नाहीत, हेही तुमच्या फायली लिहिताना ध्यानात असू द्या.