आठ मिनिटांत पानशेत

२०२१ च्या जुलैत पानशेतच्या पुराला ६० वर्षं झाली. मी तेव्हा टीवायबीएला होते, इतिहास घेऊन. पदवीच्या मुलांसाठी एका कॉलेजनं ऑनलाइन परिषद ठेवली होती आणि मॅडम म्हणाल्या, "नाव देऊन टाक." विषय शोधावा लागला नाही. आमच्या घरात कुठलीही जुनी गोष्ट 'पुराच्या आधीची' नाहीतर 'पुरानंतरची' असते.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढं खालचं खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आजी तेव्हा १९ वर्षांची, लग्न होऊन नुकतीच शनिवार पेठेत आलेली. वाडा पडला. पुढची कितीतरी वर्षं गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये गेली, पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या त्या अर्धगोल छपराच्या घरांत.

पहिला सारांश मॅडमनी परत पाठवला. "धरण का फुटलं, नुकसान, पुनर्वसन, सगळं आठ मिनिटांत? एकच प्रश्न धर." ग्रंथालयं बंद, त्यामुळे वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मिळेनात. माणसं मात्र होती. शेवटी प्रश्न ठरला: पाणी आलं ती वेळ लोकांना कशी आठवते?

आजी धरून पाच जणांशी बोलले, त्यातल्या तिघांशी फोनवर. बुधवार होता हे चौघांनी न विचारता सांगितलं. कॅलेंडर काढून पाहिलं, खरंच बुधवार. वेळ मात्र कुणाची कुणाशी जुळेना. कुणी सकाळ म्हणे, आजी भर दुपार, एक काका तर दिवेलागण म्हणून ठाम.

तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला मला सहा-सात तास लागायचे. पहिल्या खेपेला मी सगळं साफसूफ केलं होतं. "शेगडीवर भात तसाच राहिला," असं माझ्या वहीत. मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या असं बोलल्याच नाहीत." आजी म्हणाली होती, "भात... म्हणजे ते... शेगडीवर होता गं. होता." मधली शांतता धरून सगळं पुन्हा लिहिलं.

परिषदेच्या दिवशी पीपीटी नीट उघडली, पण आजीचा आवाज पलीकडे पोचलाच नाही. स्क्रीन शेअर करताना आवाजाच्या खुणेवर टिक करायचं राहिलं होतं. आठांतली दीड मिनिटं त्यात गेली. मग मी क्लिप सोडून दिली आणि उतारा वाचला, थांबे न गाळता. "होता गं. होता." म्हणताना माझाच आवाज बसला.

प्रश्नोत्तरांत एका मुलानं विचारलं, मग खरी वेळ कुणाची? याचं उत्तर माझ्याकडं होतं. आधी पानशेतचं पाणी आलं, खडकवासला नंतर फुटलं. पाणी चढत गेलं आणि तासन् तास राहिलं. ज्याच्या उंबऱ्याला ते जेव्हा लागलं, ती त्याची वेळ. मला वाटतं, इथं कुणालाच चूक म्हणायचं कारण नाही.

मग सत्राध्यक्षांनी विचारलं, "आजींची दुपार कशावरून?" मी हे विचारलंच नव्हतं. तसं सांगितलं.

संध्याकाळी आजी लसूण सोलत बसली होती. म्हटलं, "आजी, दुपारच होती हे तुला कशावरून गं?"

"घड्याळ कुठलं आमच्याकडं! तुझे आजोबा दुपारी जेवायला घरी यायचे. भात झाला होता, ते यायचे होते, तेवढ्यात पाणी आलं."

"आणि आजोबा?"

"ते तिसऱ्या दिवशी भेटले."

तासाभराच्या मुलाखतीत हे कुठंच आलं नव्हतं. मी तिच्या पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांग."