आमची वाटचाल: प्रेस शॉपमधली सुरक्षा आणि ऑपरेटरचा शब्द

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रांचा (प्रेसचा) कारखाना. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असं काम. या धंद्यात बोटं जातात, आणि बऱ्याचदा इशारा आधीच मिळालेला असतो. प्रेस एकदा डबल मारते (एका दाबावर दोनदा आपटते), हात बाहेर असतो, म्हणून कुणी बोलत नाही. तो इशारा त्याच दिवशी कानावर यावा, यासाठी आमची सगळी धडपड.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापनाचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. आमचं काम त्यात मोडत नाही, तरी समिती तशीच नेमली. कंत्राटी हेल्परही तिच्यात आहेत. 'थोडक्यात वाचलो' ही कार्डं मराठी-हिंदीत, नावाची सक्ती नाही. आठवड्याच्या आत फळ्यावर उत्तर लागतं, नकार असला तर कारणासकट. उत्तरं थांबली की कार्डंही थांबतात.

हात आत राहू नये म्हणून प्रेस दोन हातांनी दोन बटणं दाबून चालवायची असते. त्यातलं एक टेपने दाबून ठेवलेलं दिसलं, तर मेमो देणं सोपं असतं. ऑपरेटरला विचारलं की खरं कारण कळतं: पीस डायमध्ये (साच्यात) अडकतो, काढायला हात मोकळा लागतो. म्हणजे दुरुस्ती डायमध्ये हवी. पीस बाहेर ढकलणारा स्प्रिंग इजेक्टर, हवेचा झोत (एअर ब्लो), नाहीतर मॅग्नेटचा चिमटा. शिवाय सर्किट असं, की दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक (प्रेसचा एक ठोका), आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही.

पाळीच्या सुरुवातीला रिकामे स्ट्रोक मारून पाहायचं. रॅम, म्हणजे वरखाली होणारा भाग, वर थांबण्याऐवजी पुढे सरकत असेल, तर ब्रेक लायनर झिजलाय किंवा त्यावर तेल आलंय. डबल मारत असेल, तर क्लचची (फिरतं चाक रॅमला जोडणाऱ्या भागाची) पिन किंवा तिची स्प्रिंग गेलीय. अशी प्रेस ऑपरेटर स्वतः बंद करतो, कुणाला विचारावं लागत नाही.

डाय बदलताना मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरतच राहतं. ते पूर्ण थांबू द्यायचं, मेन स्विचला कुलूप, किल्ली सेटरच्या (डाय बसवणाऱ्याच्या) खिशात, मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे आधाराचा ठोकळा.

हातमोजे शीट उचलताना हवेतच, पण ड्रिलवर सक्त मनाई. ड्रिल मोज्यासकट हात ओढतं.

लाईट कर्टन, म्हणजे हात आड आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, सगळीकडे लावा, असं विक्रेते सांगतात. पिन क्लचची प्रेस मात्र एकदा सुटली की मध्ये थांबत नाही, त्यामुळे तिथे कर्टनचा उपयोग नाही. तिथे डायभोवती फिक्स गार्डच (न हलणारं संरक्षक कुंपण) हवा, आणि शीट आत सरकवायची फट ६ मिमीच्या आत.