चाळीस सेकंदांच्या क्लिपा, पाच मिनिटांची खूण

त्या शुक्रवारी तमिळ विनोदी चित्रपट केरळात सकाळी सहाला लागला. तमिळनाडूत 2023 पासून पहिला शो नऊच्या आधी लावू देत नाहीत, त्यामुळे चेन्नईत पडदा उघडायच्या आधीच टेलिग्रामवर त्याच्या चोरून काढलेल्या क्लिपा फिरत होत्या. तीस-चाळीस सेकंदांच्या, प्रत्येकीत एक पंच.

मोठ्या नायकाच्या मारधाडपटाचे चाहते चोरीची प्रिंट आली तरी थिएटरात जातात. विनोद मात्र फोनवरही हसवतो. तमिळ विनोदी नट वडिवेलूचे मीम रोज पाठवणाऱ्याला नव्या चित्रपटाची क्लिप पुढे पाठवण्यात काही गैर वाटत नाही. छोट्या बजेटचा असा चित्रपट एकाने दुसऱ्याला सांगूनच चालतो. रविवारपर्यंत सगळे पंच फोनवर पोचले, की सोमवारी त्याचे स्क्रीन जातात.

क्लिपा काढून टाकण्याचं आमचं काम लगेच सुरू झालं. यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे नक्कल आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, मूळ फाइल आधीच दिलेली असते, पण चोर चित्र आरशासारखं उलटं करतात, भोवती चौकट घालतात, वेग किंचित वाढवतात. मग जुळणी चुकते आणि क्लिप बघून हाताने दावा लावावा लागतो. कॉपीराइट नियमांनुसार तक्रार मिळाल्यावर मजकूर बंद करायला 36 तासांची मुदत आहे. क्लिपेचं सगळं आयुष्यच तेवढं.

रेकॉर्डिंग कुठल्या थिएटरात झालं, हे क्लिपांवरून कळत नव्हतं. थिएटरातला डिजिटल सर्व्हर चित्रात डोळ्यांना न दिसणारी 35 बिटांची खूण मिसळतो: 16 बिट वेळेचे, 19 सर्व्हरच्या ओळखीचे. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार हे सगळे 35 बिट दर पाच मिनिटांच्या सलग तुकड्यात असावे लागतात. चाळीस सेकंदांत ते पूर्ण मिळत नाहीत, आणि वेगवेगळ्या क्लिपा जोडून सलगपणा येत नाही.

संध्याकाळी अख्खी प्रिंट आली. अशीच खूण आवाजातही असते, पण ती वाचायचा प्रश्नच नव्हता, प्रेक्षकांच्या हशात पुढचे संवादसुद्धा बुडाले होते. मध्यंतराआधीचा एक उजेडातला, फोन न हललेला भाग घेतला आणि चित्रातली खूण वाचली गेली. वेळ दर पंधरा मिनिटांच्या टप्प्याने नोंदवली जाते आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. मिळालेला टप्पा 1:30 चा, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे सात. प्रसंग चित्रपटात तासाभरानंतरचा, तेव्हा शो सहाचाच. सर्व्हरचा क्रमांक केडीएमच्या यादीशी जुळला. केडीएम ही ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक मुदतीतच चित्रपट उघडणारी किल्ली असते, त्यामुळे थिएटर आणि स्क्रीन दोन्ही निश्चित झाले. चित्रात पडद्याची डावी कड उजवीपेक्षा आखूड दिसत होती. फोन उजव्या बाजूच्या खुर्चीत होता, म्हणजे सीसीटीव्हीत कुठे बघायचं तेही ठरलं.

पोलिसांकडे फाइल देताना घाई नडते. प्रिंट एकदाच उतरवायची, लगेच हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, काढायचा, तोच डिजिटल पुराव्याला लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात लिहायचा, आणि तपासणी प्रतीवर करायची. मूळ फाइल चुकून पुन्हा सेव्ह झाली तरी हॅश बदलू शकतो आणि बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे. दंड किमान तीन लाख, कमाल लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या 5 टक्के. तेवढ्या शिक्षेसाठी पुरावा न्यायालयात टिकायला हवा.

निर्मात्याला मी तेव्हाच सांगितलं: पहाटेचे शो चाहत्यांच्या जल्लोषासाठी असतात, विनोदी चित्रपटाला त्यांची गरज नाही. पुढच्या वेळी सगळ्या राज्यांच्या केडीएमची मुदत नऊलाच सुरू करा.