आजारी कोंबडी सापडलीच नाही

माझ्या सहा कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात. माती उकरतात, किडे टिपतात, उन्हात धूळ उडवत लोळतात. अशी मोकळी वाढलेली कोंबडी म्हणजे स्वच्छच, हे मी इतकी वर्षं धरूनच चालले होते. मग लेकीला ताप आला, पोटात कळा, जुलाबातून रक्त. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू निघाला. मी तडक खुराड्याकडे गेले. एकेकीला उचलून पाहिलं. तुरे लालभडक, डोळे तरतरीत, दाण्यावर नेहमीसारखीच झुंबड. आजारी एकही नव्हती.

चुकतं ते इथेच. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, ४१ ते ४२ अंश, आणि या जिवाणूला नेमकी तेवढीच ऊब मानवते. तो तिच्या आतड्यात सुखाने राहतो, तिला सहसा काही होत नाही. मोकळ्या कोंबड्यांत तर तो आणखी सहज शिरतो, कारण रानपाखरांची शिट, माश्या, साचलेलं पाणी, सगळ्यांत त्यांची चोच जाते.

मग मी दिवस मोजले. लक्षणं बहुधा २ ते ५ दिवसांनी दिसतात. ताप येण्याच्या तीन दिवस आधी मी एक कोंबडी कापली होती आणि मांस नळाखाली खळखळून धुतलं होतं. तेव्हा ते शिंतोडे ओट्यावर कुठवर उडाले असतील! वर तीच फळी नुसत्या पाण्याने विसळून लेकीला काकडी चिरून दिली. मांस शिजलं, काकडी कच्चीच पोटात गेली. काही शे जिवाणूसुद्धा आजारी पाडायला पुरतात. दुसरं काही कारण मला तरी दिसत नाही.

आता मांस धुणं बंद, त्याची फळी आणि सुरी वेगळी. अंड्यांचंही तसंच. साल्मोनेला हा दुसरा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयात असला तर कवच चढण्याआधीच अंड्यात उतरतो, मग वरून कितीही पुसा. त्यामुळे लेकीला पिवळा बलक घट्ट झाल्याशिवाय अंडं देत नाही.

लेक बरी आहे. तांबडीला कडेवर घेणं तिने सोडलेलं नाही, मीही अडवत नाही, फक्त नंतर साबणाने हात धुवून घेते. काल नळाखालचं डबकं बुजवलं आणि कोंबड्यांचं पाण्याचं भांडं दोन विटांवर चढवून ठेवलं, म्हणजे उकरलेली माती आणि शिट त्यात उडणार नाही.